एकाच किल्लीचं गाव

जपानच्या डोंगरातल्या ओकुदानीत सगळ्या ट्रॅक्टरांना एकच किल्ली चालते. यात गुपित वगैरे काही नाही. खालच्या गावातल्या दुकानदाराने एकेकाळी डोंगरातल्या प्रत्येक घराला त्याच कंपनीचा, त्याच चणीचा छोटा लाल ट्रॅक्टर गळ्यात मारला होता आणि कंपनीने सगळ्यांना एकाच साच्याची किल्ली दिली होती. कुणाची हरवली तर तो शेजाऱ्याच्या कोठारात जायचा, खिळ्यावरची काढायचा, काम करायचा आणि संध्याकाळी परत लटकवायचा. ‘घेतली होती’ असं सांगायचीही पद्धत नव्हती.

तेव्हा गावात माणसं होती. आता चार घरांतून धूर निघतो. बाकीच्या घरांची छपरं बसलीत, दारांतून बांबू वर आलेत, आणि कोठारांत गंजलेल्या ट्रॅक्टरांशेजारी खिळ्यांवर किल्ल्या तेवढ्या शाबूत आहेत.

चालता ट्रॅक्टर एकच उरला होता, हिसाओचा. त्याच्या मागे गवत चिरडायचा लोखंडी डबा जोडलेला होता. डब्यात हातोडीच्या तोंडाची पाती गरगर फिरायची आणि पुरुषभर उंचीचं गवत असो की मनगटाएवढा बांबू, सगळ्याचा भुगा करून मागे टाकायची. डोंगराच्या पायथ्याशी इवामीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांची एक लांब पट्टी आहे. इवामी मरून गेला, मुलं ओसाकाला. ती पट्टी मोकळी असली की रानडुक्कर डोंगरातून खाली उतरत नाही, उघड्यावर यायला ते घाबरतं. पट्टी माजली की डुकरं त्या गवतातून थेट भाताच्या खाचरांत येतात. म्हणून दरवर्षी लोंब्या भरायच्या आत हिसाओ ती पट्टी साफ करायचा. मोबदला म्हणून कुणी साकेची बाटली द्यायचं, कुणी वाळवलेले मासे, कुणी नुसतीच काकडी. हिसाओला ती काकडीही पुरायची. सगळं गाव आपल्या ट्रॅक्टरच्या आवाजावर झोपतं आणि उठतं, असं तो म्हणायचा आणि बायकोकडे बघून छाती काढायचा.

“गाव म्हणजे चार म्हातारे,” मित्सुए म्हणायची, “आणि त्यातले दोन बहिरे.”

कोठारातून ट्रॅक्टर काढायची त्या दोघांची एक रीत होती. कोठाराचं दार बुटकं. ट्रॅक्टरच्या सीटमागे लोखंडाची उंच कमान असते, ट्रॅक्टर उलटला तर माणूस चिरडू नये म्हणून. ती दाराला अडायची. म्हणून हिसाओ कमान आडवी पाडून ट्रॅक्टर बाहेर आणायचा आणि अंगणात थांबायचा. मित्सुए मागून दोन्ही हातांनी कमान उचलून उभी करायची, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ठोकायची आणि मडगार्डवर एक थाप द्यायची. ती थाप पडल्याशिवाय हिसाओ गिअर टाकायचा नाही. पाऊस असो, भांडण झालेलं असो, एकदा तर तिला ताप होता, तरी ती अंगणात येऊन थाप देऊन गेली होती.

मागच्या वसंतात हिसाओ पट्टीवरून परत आला तो चिडूनच.

“इवामीला लाज नाही,” तो बूट काढता काढता म्हणाला. “दिवसभर त्याचं रान काढतोय, पण चहा विचारला नाही बेट्याने.”

मित्सुएच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. इवामीच्या मृत्यूनंतरच्या तेराव्या वर्षाच्या पूजेला हे दोघंच गेले होते, मुलंसुद्धा आली नव्हती.

“विसरला असेल,” ती म्हणाली.

मग एक दिवस त्याने शिगेनोच्या बांधावरच्या सोयाबीनच्या ओळी भुईसपाट केल्या. मग एक दिवस ट्रॅक्टर चालू ठेवून तो चालत घरी आला आणि जेवायला बसला. शहरातल्या डॉक्टरने मान हलवली. गाडीचा परवाना परत करून टाकला. हिरोशिमाहून ताकुयाने, त्यांच्या मुलाने, फोनवर आईला सांगितलं, “किल्ली काढून घे. शेतात पोलीस येत नाही परवाना बघायला. तूच पोलीस हो.”

मित्सुएने किल्ली काढून घेतली आणि लोणच्याच्या पिंपात, दगडाखाली ठेवली.

पण ओकुदानीत एक किल्ली लपवून काय होणार? तिसऱ्याच दिवशी इंजिनाचा आवाज आला. हिसाओने समोरच्या बंद घराच्या कोठारातली किल्ली आणली होती. ती धावत जाऊन ट्रॅक्टरपुढे आडवी उभी राहिली, तेव्हा तो खाली उतरला आणि म्हणाला, “तू थाप द्यायला आलीस ना?”

मग तिने कमरेला पिशवी बांधली आणि गावभर फिरली. रिकाम्या घरांची कोठारं तिला तोंडपाठ होती. कुठे छताचा पत्रा लोंबत होता, कुठे सापाची कात, कुठे लग्नात वाढायला काढलेल्या लाकडी वाडग्यांची चळत बुरशीने काळी झालेली. खिळा चाचपायचा, किल्ली काढायची, पिशवीत टाकायची. आपण मेलेल्यांच्या घरी चोरी करतोय असं तिला वाटलं, आणि दर घरी ती दाराशी वाकून नमस्कार करून बाहेर पडली. शिगेनोने आपल्या कोठारातली किल्ली निमूट काढून दिली. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी.

“घे बाई. आमच्याकडे तर ट्रॅक्टरही नाही उरला. किल्ली मात्र आहे,” शिगेनो म्हणाली. “कुलूप नसलेल्या गावात किल्ल्याच किल्ल्या.”

शेवटी ती कुरामोतोकडे गेली. कुरामोतो गावचा कारभारी. चार घरांचा कारभारी म्हणजे काय ते समजून घ्या, पण तो ते मनापासून करायचा. त्याचा ट्रॅक्टर खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हाच विकला गेला होता. किल्ली मात्र त्याने अस्वलांसाठीच्या पितळी घंटीबरोबर एकाच कडीत अडकवून कमरेला बांधली होती. डोंगरात जाणारे सगळेच अशी घंटी बांधतात, अस्वलाला आधी कळावं म्हणून. कुरामोतो ती घरातही बांधायचा. तो रस्त्याने निघाला की किणकिण ऐकू यायची आणि बायका आपापली कामं आवरून दारात यायच्या.

“माझी तर माझ्या कमरेला आहे, मित्सुए-सान,” तो पोटावर हात ठेवून हसला. “माझ्या कमरेवरून कोण काढणार? अस्वल?”

मित्सुएही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

हिसाओ रोज कोठारात जायचा. सीटवर बसायचा, चाक फिरवायचा, खिसे चाचपायचा. “चोर शिरलाय घरात,” म्हणायचा. मग तिच्याकडे रोखून बघायचा. “तूच.” तिने जेवण पुढे केलं तर ताट सरकवायचा. काही दिवसांनी तो चड्डीत लघवी करायला लागला. ती त्याला न्हाऊ घालायची तेव्हा त्याच्या खांद्याची हाडं हाताला लागायची. हा माणूस भाताचं पोतं एका हाताने उचलायचा, आणि आता साबण हातातून निसटला तरी बघत बसतो. तिला रडू यायचं, मग राग यायचा, मग पुन्हा रडू.

एकदा संध्याकाळी तो कोठारातून बाहेरच येईना. ती बघायला गेली. तो सीटवर ताठ बसला होता.

“चला. जेवायचंय.”

“थाप दे की.”

“काय?”

“किती वेळ बसवतेस? थाप दे, म्हणजे निघतो.”

तिने बंद ट्रॅक्टरच्या मडगार्डवर थाप दिली. त्याचा चेहरा खुलला. त्याने गिअर टाकला, समोरच्या भिंतीकडे बघत चाक डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. बंद कोठारात तो तसा बराच वेळ पट्टी साफ करत होता. मित्सुए दाराला टेकून उभी राहिली आणि त्याने आवरल्यावर त्याला हाताला धरून घरात नेलं. त्या रात्री तो पोटभर जेवला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी त्याला कोठारात नेऊन थाप द्यायची.

पावसाळा सरला आणि ऊन तापलं. इवामीच्या पट्टीवर गवत कमरेला आलं, छातीला आलं, मग डोक्यावर गेलं. बांबूचे कोंब एका रात्रीत वीतभर वाढत होते. आणि एक सकाळ अशी आली की शिगेनोचं वरचं खाचर कुणी गाद्या टाकून झोपावं तसं पडलं होतं. चिखलात खुरांचे खड्डे, लोंब्या चघळून थुंकलेल्या, आणि डुकराचा तो आंबट उग्र वास. त्या वासाचा भात शिजवला तरी घर सोडून पळावं लागतं. माणूस तर सोडाच, कोंबड्या तोंड लावत नाहीत.

दुपारी किणकिण ऐकू आली. कुरामोतो ओसरीच्या कडेवर बसला. मित्सुएने बार्लीचा थंड चहा ठेवला.

“उकाडा फार,” तो म्हणाला.

“फार.”

“शिगेनो-सानचं खाचर गेलं. पाहिलंत?”

“पाहिलं.”

“माझं त्याच्याच खाली.” त्याने चहाचा घोट घेतला. “हिसाओ-सान कसे आहेत?”

“बसलेत आत. कशाला विचारता? तुम्हाला ठाऊक आहे सगळं.”

“नाही, मी म्हणतो... डोकं दमलं असेल त्यांचं. हात नाही दमले. पन्नास वर्षांची सवय आहे हातांना. एकच पट्टी. सरळ तर आहे.”

“कडेला बांध आहेत. खालच्या शेतात माणूस उभा राहिला तर वर डोकं दिसणार नाही एवढे उंच.”

“मी उभा राहीन ना तिथे.”

“तुम्ही का नाही चालवत?”

“खुबा लोखंडाचा आहे माझा, मित्सुए-सान. क्लच दाबला तर मीच मोडेन.”

“ओबोनला ताकुया येणार आहे, पितरांच्या सणाला. तो कापेल.”

“रानडुकरांना ओबोन कळत नाही,” कुरामोतो म्हणाला आणि उठला. जाताना त्याने वाकून नमस्कार केला, एरवीपेक्षा जरा जास्तच खाली.

दुसऱ्या दिवसापासून मित्सुए स्वतः पट्टीवर गेली. खांद्याला ग्रासकटर अडकवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला. ट्रॅक्टरवर बसायची तिची छाती नव्हती, पण हे यंत्र तिच्या ओळखीचं होतं. बांधांच्या कडा तीच कापायची. कडा कापणं वेगळं आणि रान काढणं वेगळं. गवताच्या बुंध्यांना पातं आपटून मागे उसळायचं. वेलींचे दोरे पात्याभोवती गुंडाळायचे, मशीन बंद करून विळ्याने सोडवायचे. संध्याकाळी बोटं अशी बधिर व्हायची की चॉपस्टिक धरवत नसे, ती चमच्याने भात खायची. इतक्या दिवसांत तिने जे कापलं ते हिसाओ चहाच्या आधी कापायचा. वरून बघितलं तर जनावराला खरूज झाल्यासारखी पट्टी दिसत होती, आणि तिने खालून कापत वर सरकावं तोवर खाली पुन्हा कोंब आलेले.

कालवा साफ करायच्या दिवशी सगळे फावडी घेऊन जमले. मित्सुए आली तेव्हा बोलणं थांबलं. मग शिगेनोने चिखल उपसता उपसता, वर न बघता म्हटलं, “इतकी वर्षं मित्सुए-चानच्या नवऱ्याने आमचा भात राखला. आता मित्सुए-चान डुकरं पोसते. घरपरत्वे असतं बाई.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मित्सुएने फावडं पाण्यात घातलं आणि दिवसभर गाळ काढला. सुटल्यावर सगळ्यांना दर वर्षीसारखी थंड टरबुजाची फोड मिळाली. तिची फोड ताटात होती, पण ती कुणी तिच्या हातात दिली नाही.

हिसाओची औषधं संपत आली. शहराला जाणारी बस आठवड्यातून दोनदा खालच्या फाट्यावर येते. गेले काही महिने तिला जायचं असलं की शिगेनो हिसाओजवळ बसायची. कालव्यानंतर शिगेनोला विचारायचं तिच्या जिवावर आलं. ती अंगणात विचार करत उभी असतानाच किणकिण आली.

“ऐकलं, औषधं आणायची आहेत,” कुरामोतो म्हणाला. “जा तुम्ही निर्धास्त. मी बघतो हिसाओ-सानकडे. आम्ही दोघं गोचा पट मांडून खेळू.”

“ते आता खेळत नाहीत हो.”

“मग मी एकटा खेळेन, ते बघतील. जा.”

तिला फार बरं वाटलं. गाव आपल्यावर एकदम पाठ फिरवणार नाही, माणसं शेवटी माणसं असतात, असं तिला बसमध्ये वाटत होतं. तिने शहरात कुरामोतोसाठी लाल बीनची मिठाई घेतली. पिशवीतल्या किल्ल्या कमरेला होत्या. ती पिशवी ती झोपतानाही सोडत नव्हती.

बसमधून फाट्यावर उतरली तेव्हा ऊन कललं होतं. चढाची वाट धरली आणि वळणावर आल्यावर तिला वरची पट्टी दिसली.

अर्धी पट्टी साफ होती. न्हाव्याने मान साफ करावी तशी, कडेपासून कडेपर्यंत, एकही दांडा उभा नाही. ओल्या कापलेल्या गवताचा वास खालपर्यंत आला होता. मित्सुएला आधी आनंद झाला. निखळ आनंद झाला. ही गोष्ट तिने पुढे कुणालाही सांगितली नाही.

मग तिला इंजिनाचा आवाज ऐकू आला. तो चढत नव्हता, उतरत नव्हता. पट्टीच्या टोकाला वळताना आवाज खाली येतो, वळल्यावर पुन्हा वर जातो. स्वयंपाकघरात बसून तिने आयुष्यभर तो आवाज ऐकला होता, त्या उतारचढावावर तिने तांदूळ मोजले होते, मुलाला निजवलं होतं. हा आवाज एकाच जागी एकाच सुरात चालला होता.

मिठाईचा डबा रस्त्यावरच राहिला.

ट्रॅक्टर खालच्या शेतात आडवा पडला होता. बांधाची कड तुटली होती. वरचं चाक हवेत सावकाश फिरत होतं. हिसाओ स्टिअरिंगखाली होता, तोंड गवताच्या भुग्यात, एक बूट निघालेला. त्याच्या पाठीमागे कमान आडवी होती. कोठाराच्या दारातून काढली तशीच, आडवी. कमान उभी असती तर ट्रॅक्टर तिच्यावर टेकला असता आणि सीटखाली माणसापुरती जागा उरली असती. ती उभी करायचं काम मित्सुएचं होतं, आणि मित्सुए बसमध्ये होती.

तिने हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

त्या शांततेत किणकिण झाली. तिने हाताकडे बघितलं. किल्लीच्या कडीला पितळी घंटी लोंबत होती.

वरून पावलं आली. कुरामोतो लंगडत पळत येत होता, श्वास लागलेला, आणि त्याच्या येण्याचा काहीच आवाज नव्हता. बांधाच्या कडेला येऊन तो थांबला. त्याने ट्रॅक्टर पाहिला, हिसाओ पाहिला, मग तिच्या मुठीकडे पाहिलं.

“मी इथेच होतो,” तो म्हणाला. “आत्ताच... ऊन लागलं म्हणून पाणी प्यायला घरी गेलो. एवढंसं. तेवढ्यात.”

मित्सुए गुडघ्यावर बसली होती. हिसाओच्या मानेवरचा भुगा ती बोटांनी काढत होती.

“थाप कोणी दिली?” तिने विचारलं.

“काय?”

“थापेशिवाय ते जात नाहीत. कुणीतरी दिली असणार.”

कुरामोतोचा हात कमरेच्या रिकाम्या पट्ट्याकडे गेला. मग म्हणाला, “ते बसून राहिले होते. निघेचनात. थाप दे, थाप दे म्हणत होते. म्हणून मी... त्याआधी कमान उचलायची असते हे मला... आमचं कोठार उंच होतं, मित्सुए-सान. आम्ही कधी पाडलीच नाही.”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला कुठून ठाऊक असणार.”

अंत्यविधीचं सगळं कुरामोतोने केलं. मंडप, भिक्खू, साके, ताकुयाला स्टेशनवरून आणणं, पोलिसांना सांगणं की म्हातारं माणूस, डोकं गेलेलं, कुठून तरी किल्ली मिळवली. पोलिसाने मान हलवली, ओकुदानीतल्या किल्ल्या त्यालाही ठाऊक होत्या. मित्सुएने तिथे काहीच सांगितलं नाही. शिगेनो तिच्या पायाशी डोकं टेकून रडली. ताकुया म्हणाला, “आई, चल माझ्याकडे.” ती म्हणाली, “भात उभा आहे.”

तो खरंच उभा होता. हिसाओने साफ केलेली अर्धी पट्टी नेमकी कुरामोतोच्या आणि मित्सुएच्या खाचरांवरची होती. तिकडून डुक्कर उतरलं नाही. कापणी झाली, मळणी झाली, आणि एका सकाळी कुरामोतो नव्या तांदळाची पिशवी घेऊन ओसरीशी आला. तिला कळलंच नाही तो कधी आला ते.

“हिसाओ-सानपुढे ठेवा,” तो म्हणाला. “पहिला तांदूळ आहे.”

मित्सुएने दोन्ही हातांनी पिशवी घेतली. तिने तो तांदूळ धुतला, शिजवला, वाडग्यात भरून फोटोपुढे ठेवला. वाफ येत होती. वाकून वास घेतला. कसलाच वास नव्हता, नुसता नव्या भाताचा. थोडा वेळ ती फोटोपुढे बसली. मग तिने देव्हाऱ्याच्या खणातून ती कडी काढली, कमरपट्ट्याला बांधली आणि विळा घेऊन बाहेर पडली.

पट्टीवर जायला दोन वाटा आहेत. ती कुरामोतोच्या ओसरीसमोरच्या वाटेने गेली. किणकिण ऐकून सवयीने शिगेनो दारात आली, कोण ते बघितलं, तिची नजर घंटीवर गेली, आणि ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. कुरामोतो ओसरीवर मुळे सोलत बसला होता. त्याने मुळा खाली ठेवला, उठला आणि आत गेला. दार सरकल्याचा आवाज झाला.

मित्सुए रोज त्याच वाटेने जाते, उरलेली पट्टी कापायला. संध्याकाळी त्याच वाटेने परत येते. तिला कुणी काही विचारत नाही आणि तिने कुणाला काही सांगितलेलं नाही. त्या शरदात ओकुदानीत एकदाही अस्वल दिसलं नाही, असं शिगेनो म्हणते. कुरामोतोही फारसा कुणाला दिसला नाही.